खाडीपलीकडची तीन घरं

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलेय. पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिता येईल.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. मी मुंबईला गणितात एम.एस्सी. करत होते, मे महिन्याच्या सुट्टीत मालवणला आले होते आणि देवीची साथ आली होती. तुम्ही लस टोचत वाडीवाडीतून फिरायचात. चाळीसेक माणसांपुरतीच लस उरली होती, पुढची कसालवरून यायला आठवडा लागणार होता. जेवताना तुम्ही विचारलंत, "तुझा गणित काय म्हणता गो? आधी खंय जावचा?"

मी नुकतंच शिकले होते, की रोग होऊ शकेल अशी माणसं विरळ झाली की साथीला पुढचा माणूस सापडत नाही, ती आपोआप विझते. खाडीपलीकडच्या वाडीत बहुतेकांना लस टोचलेली. मी कागदावर आकडे मांडले आणि म्हटलं, "ती वाडी राहू दे. बाजारपेठेत जा."

आई पेज वाढत होती. "थंय तीन घरांतल्यांनी टोचून घेवक नाय. पोरां सगळी एकाच खळ्यात खेळतत."

"तीन घरांनी वाडीची सरासरी बदलत नाही," मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडे अभिमानानं पाहिलंत, आणि बाजाराकडे निघालात.

सुट्टी संपायच्या आत त्याच खळ्यातली, त्या अंगणात खेळणारी दोन मुलं देवीनं गेली. प्रत्येकजण प्रत्येकाला सारखाच भेटतो, असं माझं समीकरण धरून चालत होतं. ती मुलं फक्त एकमेकांना भेटत होती.

चौकशीला आलेल्या साहेबांपुढे तुम्ही शुद्ध मराठीत म्हणालात, "निर्णय माझा होता." खाडीपलीकडून परतताना होडीत मी रडत होते. तुम्ही पाण्याकडे बघत आईबद्दल एवढंच बोललात, "तुझ्या आवशीचा आयकाक होया होता."

मी आयुष्यभर साथींचं हेच गणित शिकवत आले. पहिल्या तासाला त्या वाडीचे आकडे मांडते, सरासरीनं उत्तर काढते, मग तीन घरं वेगळी धरते. उत्तर उलटतं. आणि दर वेळी मला खळ्यातला पोरांचा आरडाओरडा ऐकू येतो. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे गाव खरं आहे का?"

मी म्हटलं, "नाही, काल्पनिक आहे."