दोन पाट्या की एक मोठा

४ ऑगस्ट
सगळं बदललं ते आज दुपारी — ज्योत्स्नानं तिचा पेन माझ्या हातात दिला तेव्हा.

शाईचा पेन न्हाई. तिच्या ड्रॉइंग टॅबलेटचा. वहीएवढी काळी सपाट वस्तू, आम्ही तिला पाटीच म्हणतो. पाटीवर काही उमटत न्हाई. पेन खाली फिरवायचा, रेघ समोर कॉम्प्युटरवर निघते. भोकरदनला भुजंगशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात आम्ही दोघं शेजारी बसतो. मी माऊसनं पुढाऱ्यांची तोंडं गोरी करतो, ती पाटीवर. ती चित्रकलेचा डिप्लोमा पुरा करून आलेली. मी संभाजीनगरचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून — सरांची गचांडी धरली, मंग परत गेलोच न्हाई.

माझी रेघ निघाली ती पार कोपऱ्यात.
"हाताकडं काय बघून राह्यला? हात कुठं पळून जातो का? वर बघ."
मी वर बघितलं.
"माझ्याकडं न्हाई, बाबा. स्क्रीनकडं."

६ ऑगस्ट
आज पाटीवर एका पुढाऱ्याची मिशी सरळ आली. "बराबर," म्हणली. जेवण गेलं न्हाई.

९ ऑगस्ट
शेठनं जालन्याहून एक मोठा टॅबलेट आणला, आठवडाभर बघायला म्हणून. ह्याला स्वतःचा स्क्रीन. पेन जिथं टेकवाल तिथंच रेघ. सिनेमाची, पुस्तकांची कामं करणारे असलेच वापरतात म्हणे.

शेठ म्हणले, "सणांचा सीझन येऊन राह्यला. एक तर छोट्या पाट्या दोन घेतो, नव्या. न्हाई तर हा मोठा एकच. पण मोठा घेतला तर माणूसही एकच ठेवीन, दोघांचा खर्चा झेपायचा न्हाई. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. मला त्यातलं काय कळतंय?"

ज्योत्स्नानं त्या काचेवरून बोट फिरवलं. हळू. माझ्याकडं तसं कधी बघितलं न्हाई तिनं.

१० ऑगस्ट
रविवार. दुकानात एकटाच. मोठ्यावर बसलो. खरं सांगतो, कागदावर काढल्यासारखं. पेन जरा दाबला की रेघ जाड, आडवा धरला की पेन्सिलची छाया. पाटीवर हात एकीकडं अन् डोळे एकीकडं. इथं दोन्ही एका जागी.

पण फ्लेक्सला हे लागतं कशाला? खांबावर टांगायचा, खालून लोक मोटारसायकलवर जातात. पुढाऱ्याच्या गालावरची छाया कोण मोजतंय? पाटी बास. अन् मोठ्यावर बसलो तर शेजारी कोण?

ठरलं. दोन पाट्या. ती अन् मी.

११ ऑगस्ट
टपरीवर तिला सांगितलं. वाटलं, हसेल.
"मला विचारलं का?"
म्हणलो, "विचारायचं काय त्यात? दोघंही राहतो ना."
"तुला राहायचंय. मला पोरांच्या पुस्तकांची चित्रं काढायचीत. असला टॅबलेट हाताशी आला की दाखवण्यासारखं काम तयार होईल माझं. पाटीवर शिकले, आता पुरे. तुला माझ्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मी पाटीवर राहू?"
"मंग माझं काय?"
"तुझं तू बघ."

चहा संपवून, पेला धुऊन ठेवून गेली. मी बाकाला लाथ घातली. लोक बघत होते. बघू द्या!

१२ ऑगस्ट
सकाळीच शेठकडं गेलो. म्हणलो, मोठा घ्या. मला ठेवा. एकेका तोंडाला तिचा अर्धा दिवस जातो. अन् उद्या तिचं लग्न होईल, जाईल निघून. मंग काय टॅबलेट शोकेसमध्ये ठेवता?

शेठ हसले. "बरं झालं तूच बोलला."

लिहिताना हाताकडं बघतच न्हाई मी.

१४ ऑगस्ट
शेठनं शर्यतच लावली. रामकिसन काका वारले, वाटूरकडचे. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स. फोटो एकच, कुठल्याशा जुन्या ओळखपत्रावरचा, तोंड पुसट झालेलं. दोघांनी मोठ्यावर एकेक चेहरा काढायचा.

मी पहिला. काय काढला! डावा डोळा फोटोत अर्धा मिटलेला, तो उघडला. ओठावरचा व्रण काढला, रंग दोन हात उजळ केला. आम्ही फ्लेक्सवाले सगळ्यांचंच करतो तसं. ज्योत्स्नानं डोळा तसाच ठेवला. व्रणही. मी म्हणलो, "मेलेल्या माणसाला तरी नीट कर की." ती व्रणाची कड काढत राह्यली.

त्यांची बायको, सत्यशीला मावशी, फ्लेक्स लावणाऱ्या गावातल्या पोरांसोबत आल्या. माझ्या चित्रापुढं उभ्या राह्यल्या.
"हे कोण?"
"तुमचेच मालक, मावशी."
"न्हाई रे लेकरा. हे कोणी साहेब आहेत."
मंग ज्योत्स्नाचं बघितलं अन् पदर डोक्यावरून पुढं ओढला. नवरा समोर आल्यावर ओढावा तसा.

शेठ पोरांकडं वळले. "कोणता छापू?"
पोरं माझ्याकडं बोट दाखवून म्हणली, "हाच. रोडवर उठून दिसतो."
"मावशी, फ्लेक्स गावाला बघायचाय," शेठ म्हणले.
मावशींनी ज्योत्स्नाला विचारलं, "तो दुसरा मला छोट्या कागदावर देशील का, बाई?"

जिंकलो. मावशी जाताना मला बोलायचं म्हणून "येते" म्हणल्या, तोंडाकडं न बघता. बघू नका. जिंकलो तर जिंकलो.

१६ ऑगस्ट
मोठा टॅबलेट सकाळी जालन्याला परत गेला. नवा मागवलाय म्हणे.

दुपारी शेठनं ज्योत्स्नाला माझ्यासमोरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. वर हेही — "राजानंद म्हणला, तुझा हात सावकाश. अन् लग्न झाल्यावर तू जाणारच. पोरगा विचार करून बोलतो." सुपारी कातरत, हसत.

तिनं पाटीची वायर गुंडाळली.
"तू म्हणला असं?"
मी म्हणलो, "हो."
"बरं."
पाटी अन् पेन पिशवीत टाकले. दाराशी थांबली. "पाटीवर तुझा हात बसला होता, माझ्यापेक्षा चांगला. सांगितलं न्हाई, माजला असता म्हणून. आता सांगते, कारण आता काही उपयोग न्हाई त्याचा."

रिकाम्या खुर्चीवर शेठनं फ्लेक्सची गुंडाळी ठेवली.

१८ ऑगस्ट
खोकं आलं. शेठनंच फोडलं. आत पाटी. छोटी, ज्योत्स्नाच्या पाटीहूनही छोटी. एकच.

"मोठा?" मी विचारलं.
"मोठा कुणाला घ्यायचा होता? मला एक माणूस कमी करायचा होता. मी काढला असता तर बाजारात माझं नाव खराब. तुम्ही आपसात करून दिलं, बिलकुल फुकटात. घे, बस. दोन लग्नाचे फ्लेक्स द्यायचेत."

पेन माझ्यापुढं धरला होता त्यांनी. मी घेतला न्हाई. दुकानाबाहेर आलो अन् मागं दार लावलं, परत न जायला.