पस्तीस क्लिक

२ फेब्रुवारी, सकाळ
रायफल क्लबची नोटीस लागली. जोड्यांची स्पर्धा १५ मार्चला. एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने शेजारी तिपाईवरच्या दुर्बिणीतून ती कुठे पडली ते बघून किती सरकवायचं ते सांगायचं. पहिल्या तीन जोड्या एप्रिलमध्ये बाहेरगावच्या स्पर्धेला. गाडीने दोन दिवसांचा रस्ता. मुलगी १ मे रोजी दुसऱ्या शहरात नोकरीवर रुजू होतेय, म्हणजे आमच्या जोडीची ही शेवटचीच. त्याचं विशेष काही नाही. नोंद म्हणून लिहिलं.
संकल्प : पहिल्या तिनात यायचं. बाकीचे नग बघता अवघड नाही.

५ फेब्रुवारी
क्लबात मिलवाल्यांचं पेव फुटलंय.
कोन मोजायला देवाने मिनिट दिलं आहे. एका अंशाचे साठ भाग केले की मिनिट, शंभर मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर. माझ्या रायफलवरच्या दुर्बिणीचा नॉब चार क्लिक फिरवला की एक मिनिट. तीस वर्षं मोजणी खात्यात मी याच मिनिटावर लोकांची जमिनीची भांडणं मिटवली. आता ही मंडळी म्हणतात, मिल घ्या. शंभर मीटरवर सरळ दहा सेंटिमीटर, दहा क्लिकला एक मिल. सोपं. सोपंच असणार. बोटं दहा आहेत, तेवढ्यात भागतं त्यांचं.
त्यांच्यातला डेंटिस्ट म्हणाला, अहो, मिलचं मिनिट करायचं तर तीन पूर्णांक चव्वेचाळीसने गुणावं लागतं, रेंजवर आडवं पडून कोण करणार? म्हटलं, मी. तोंडी. तर हसला. दात बरे आहेत, म्हणून ऊठसूट दाखवतो.

९ फेब्रुवारी
सराव. मुलीचे आकडे नेहमीप्रमाणे अचूक. दोन मिनिटं वर, पाऊण डावीकडे. मीच तयार केलेली आहे. फक्त वेळ फार लावते. गोळी पडली की ओठ हलवत बसते, मग आकडा. म्हटलं, चटकन सांगत जा, एवढं काय पुटपुटायचं असतं? सॉरी बाबा, म्हणाली.

१४ फेब्रुवारी, दुपार
ही कपडे वाळत घालता घालता सहज म्हणाली, आपल्या मुलीला आज डेंटिस्टने विचारलंय, माझ्या जोडीला ये, मिलमध्ये काम झटपट होतं. मी विचारलं, मग? ही म्हणाली, बघते म्हणालीय. आणि वर, तुम्हाला का एवढं लागलं?
मला काहीही लागलेलं नाही. जेवलो नाही ते पोट बरं नव्हतं म्हणून.

१५ फेब्रुवारी
मी मिल घेणार. शरण वगैरे गेलेलो नाही. शत्रूचं हत्यार हातात धरून बघावं लागतं.

२१ फेब्रुवारी
एका जुन्या सभासदाची रायफलवरची दुर्बीण विकत घेतली. डोळा लावला, काचेवरच्या रेघा मिलच्या. विषय संपला. म्हातारा नॉबबद्दल काहीतरी सांगायला लागला. त्याला म्हटलं, मोजणीवाल्याला नॉब शिकवू नका. पैसे मोजून घेऊन गेला.
मुलीला सांगितलं, आजपासून मी मिलमध्ये. ती म्हणाली, खरंच बाबा? नक्की? म्हणजे मी सरळ मिलमध्येच सांगू? आणि गळ्यातच पडली. एवढं काय होतं त्यात, कळलं नाही. पोट बरं आहे.

२८ फेब्रुवारी
एकट्याने रेंजवर जाऊन दुर्बीण बसवली. गोळी पाच सेंटिमीटर खाली होती. पाच क्लिक वर दिले. साडेतीनच चढली. वारा. वाऱ्याचे म्हणून दोन क्लिक जादा दिले, बसली. सेक्रेटरी मागे उभा होता. म्हणाला, वारा गोळी बाजूला नेतो साहेब, खाली कसा ओढेल? या माणसाने आयुष्यात पावत्या फाडण्यापलीकडे काही केलेलं नाही.

६ मार्च
नॉबवर छापलेले आकडे माझ्या हिशेबाशी जुळत नाहीत. दहा क्लिक दिले की एक यायला हवा, तर अडीच येतो. छपाईची चूक. कारखान्यात हल्ली कुणाला कशाचं सोयरसुतक नाही. उगाच लक्ष विचलित होतं म्हणून आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आता कसं स्वच्छ वाटतं.

१४ मार्च, संध्याकाळ
मुलीने पाचशे मीटरचं कोष्टक काढून दिलं. साडेतीन मिल, म्हणजे पस्तीस क्लिक. आपल्या रेंजवर शंभरच मीटर, त्यामुळे पाचशेवर आधी करून बघता येत नाही. गरजही नाही. गाडीत हवा भरून आणली. एप्रिलच्या रस्त्यावर कुठे कुठे थांबायचं ते नकाशावर पाहून ठेवलं.

१५ मार्च
पाचशे मीटर. ताटाएवढी लोखंडी चकती. दहा गोळ्या.
पस्तीस क्लिक मोजून दिले. पहिली गोळी चकतीखाली अर्धा मीटर, मातीत. मुलगी म्हणाली, एक वर. दहा क्लिक दिले. अजूनही मातीत. अर्धा वर. पाच दिले. माती. तिने विचारलं, बाबा, देतोयस ना? म्हटलं, तुझे आकडे चुकतायत. तिने पुन्हा डोळा लावला, पुन्हा सांगितलं. मी आवाज चढवला. शेजारच्या चटईवरून डेंटिस्टने मान वळवली, हसला मात्र नाही. ते जास्त झोंबलं.
सहाव्या गोळीनंतर ती उठून माझ्या बाजूला आली. नॉबवरची पट्टी नखाने सोलली. वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, रेघा मिलच्या आहेत, नॉब मिनिटांचा आहे. तू इथे टेप लावलीस?
मी म्हटलं, ऊन लागत होतं.
ती परत जागेवर गेली. ओठ हलले. म्हणाली, अजून पाच क्लिक वर. नुसते मोज. टण्ण. पुढच्या तिन्हीही टण्ण.
दहापैकी चार. अकरा जोड्यांत नववे. डेंटिस्ट बायकोला घेऊन दुसरा.

१६ मार्च
दोष दुर्बिणीचा. असली धेडगुजरी वस्तू बनवणाऱ्याला आत टाकायला हवं. म्हाताऱ्याने सांगायला नको होतं का?
क्लबात डेंटिस्ट भेटला. म्हणाला, वाईट वाटलं हो. मी तिला विचारलं होतं ना, तिने दुसऱ्याच दिवशी नाही सांगितलं. माझा बाबा आहे की, म्हणाली.
दुसऱ्याच दिवशी म्हणजे १५ फेब्रुवारी. मागचं पान बघितलं. ‘मी मिल घेणार.’

२२ मार्च
गाडी धुतली. सीटखाली मुलीची सरावाची वही सापडली. चार वर्षांची. प्रत्येक गोळीपुढे दोन रकाने. पहिल्यावर लिहिलंय ‘दुर्बीण’, दुसऱ्यावर ‘बाबा’. दुर्बीण ०.५, बाबा पावणेदोन. दुर्बीण १.२, बाबा चार. दुर्बीण २, बाबा सात.
तिची तिपाईवरची दुर्बीण पहिल्यापासून मिलची आहे. मी कधी डोळा लावला नव्हता.
वही होती तिथे ठेवली. गाडी पुसायची राहिली.

३ मे, संध्याकाळ
तिचा फोन. तिकडच्या क्लबात नाव घातलंय. जोडीदार मिळाला का विचारलं. म्हणाली, एक बाई आहेत, पण मिनिटवाल्या, आणि हट्टी. मी म्हटलं, मग दुसरी बघ, मिनिटवाल्यांचा काय भरवसा? म्हणाली, असू दे बाबा, मला सवय आहे.
संकल्प : ३.४४ चा पाढा पाठ करायचा. मोजणीवाल्याला दोन दिवस पुरे. आत्ताच मोठ्याने सुरू केला. सहापर्यंत आलो, सातला अडलो. कागद शोधत होतो.
ही आतून भांडी लावता लावता म्हणाली, चोवीस पूर्णांक शून्य आठ.
तुला कसं माहीत, विचारलं. म्हणाली, चार वर्षं पोरगी आंघोळ करताना म्हणायची. तुम्हाला वाटायचं, गाणं म्हणतेय.