पाच गुणांच्या वर

३ मार्च, सोमवार
आले एकदाची! ताईनं स्टेशनवरच मिठी मारली आणि घरी पोचेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. खिडकीकडची खोली माझी. चष्म्यांच्या काचा बनवणाऱ्या तिच्याच कंपनीत मला मेल-सर्व्हर सांभाळायचा आहे. साहेबांकडे शब्दही तिनंच टाकला. आधीचे गृहस्थ निवृत्त झाले. सगळे त्यांना काका म्हणतात. स्पॅम अडवायला त्यांनी ओपन सोर्स फिल्टर बसवलाय: फुकटचा, आणि आतली ओळन् ओळ कुणालाही वाचता येते. प्रत्येक मेलला तो संशयाचे गुण देतो, पाचाच्या वर गेले की मेल कचऱ्यात. नमुने दाखवले की शिकतो. हुशार विद्यार्थी आहे.

६ मार्च, गुरुवार
काका, काका, काका! प्रिंटर अडला तरी काका असते तर. निवृत्त होऊनही ते रोज सकाळी सगळ्यांना मेल पाठवतात: बाळांनो, जेवलात का, डोळ्यांना जपा. हातातला चहा गार होईस्तोवर ताई तेच वाचत बसते. आज म्हणाली, काकांसारखं जीव लावणारं माणूस तिला घरातही भेटलं नाही. मी समोरच बसले होते. सख्खी बहीण! पोटात असं दुखलं, की डबा तसाच परत आणला.

१० मार्च, सोमवार
केलं. तीन वर्षांतले काकांचे सातशे बारा मेल फिल्टरला स्पॅम म्हणून खाऊ घातले आणि मूळ प्रती पुसून टाकल्या. अपराधी वाटायला हवं होतं. उलट कडकडून भूक लागली.

१२ मार्च, बुधवार
ताईचा चेहरा उतरलेला. काका विसरले म्हणते. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, मी आहे ना. तिनं मान वर केली नाही. ऐकू आलं नसेल.

१४ मार्च, शुक्रवार
ताईनं विचारलं, तिच्या मेलला मी उत्तर का देत नाही. शोधले. अकरा मेल कचऱ्यात. बाळा, जेवलीस का, जप. शब्द तेच की! माया म्हणजे स्पॅम, असं मीच शिकवलं त्याला. आपल्याच पायावर धोंडा. सोमवारी निस्तरेन.

१७ मार्च
सकाळी ताईला चहा हवा का, तीनदा विचारलं. तिनं स्वतःपुरता केला. ऑफिसात लॉग उघडला, म्हणजे फिल्टर काय अडवतो त्याची नोंद. त्यात ही ओळ:
७.४० — स्वयंपाकघर — ताई, चहा देऊ का गं? — गुण ६.१ — अडवला.
तेव्हा माझा फोन खोलीत होता, ऐकणारं यंत्र जवळ काहीच नव्हतं. फिल्टरची ओळन् ओळ वाचून काढली. असं करणारं त्यात काहीच नाही.

१८ मार्च
कोरडं बोललेलं पोचतं. साबण संपलाय म्हटलं, तर हो म्हणाली. ताई म्हणून हाक मारली — नाही. काकांना फोन केला, चुकलं म्हणायला. हॅलो, हॅलो करून त्यांनी ठेवून दिला. लॉगमध्ये ८.९.

१९ मार्च
उपाय एकच. मायेचे मेल चांगले म्हणून दाखवायचे, म्हणजे उलटं शिकेल. निदान दोनशे हवेत. काकांचे मीच पुसले. ताईचे अकरा. माझे शोधले — दहा वर्षांत ताईला लिहिलेले. टोमणे. तक्रारी. तिलाच का, मला का नाही. एकही —

२० मार्च
कोरडंही पोचत नाही आता. मी इथं आहे म्हटलं — ५.२. ताई माझी खोली आवरतेय. शेजारणीला सांगत होती, धाकटी न सांगताच गेली, तिला माझ्याकडे करमलंच नाही. रडत होती. मी हात धरला. तिनं उशीचा अभ्रा काढला —

२१ मार्च
फिल्टर ही वहीही वाचतो. ही पानं लॉगमध्ये. जळफळाटाच्या ओळींना शून्य. त्या पोचतील. म्हणजे ताईला वही सापडली, तर तिला माझं तेवढंच —
नाही. एक तरी ओळ. ताई, मला कधी बोलता आलं नाही गं, पण तू मला —