आतल्या बाजूचा गडी

अपर हेडली, यॉर्कशायर
रविवार, १७ ऑक्टोबर १९९३

प्रिय डेरिक,

आज ऊन होतं. सकाळी तुझ्या बाबांची दाढी करून दिली, दुपारी मटण भाजलं आणि कालच्या सामन्याच्या जर्सी धुवायला टाकल्या. बाबा खुर्चीतच झोपलेत, म्हणून लिहायला बसलो.

काल आपण हरलो. रग्बी लीगचा नवा नियम तुमच्या तिकडच्या क्लबलाही लागू झाला असेलच. यंदापासून प्रत्येक टॅकलनंतर, म्हणजे चेंडूवाल्याला पाडलं की, बचावाच्या रांगेला पाचऐवजी दहा मीटर मागे जावं लागतं. पूर्वी आपण समोरच्याला धाव घेऊच द्यायचो नाही, छातीला छाती भिडवून जागीच दाबायचो. आता तो पूर्ण वेगात अंगावर येतो आणि आपण सरळ पुढे धावलो की रांगेला भोकं पडतात. म्हणून मी पोरांना सरकायला शिकवतोय. सगळ्यांनी मिळून बाजूच्या रेषेकडे सरकायचं. आपल्यासमोरचा गडी आतल्या बाजूच्या सोबत्यावर सोपवायचा आणि आपण पुढचा गाठायचा. सोबती येईल या भरवशावरच सगळं चालतं. तो आला नाही, तर आपण तिथेच खिळून राहतो.

बाबांना हे पटत नाही. सरावाला रेषेवर उभे राहून ओरडतात, "आपला गडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा? हा खेळ आहे की शनिवारचा नाच, जोडीदार बदलायला?" आपला जाडा नेव्हिल म्हणतो, "अर्नेस्टकाका, जोडीदार बदलता आला असता तर मी रोज घरी लवकर गेलो असतो!" पोरं हसतात, बाबाही हसतात. पुढच्या सरावाला पुन्हा तेच.

काल मात्र कोणी हसलं नाही. शेवटच्या मिनिटांत आपण दोन गुणांनी पुढे होतो, गोलरेषा अजून बरीच मागे होती, म्हणजे पूर्ण दहा मीटर हटायलाच हवं होतं. बाबा मैदानाच्या कडेने चालत गेले आणि प्रशिक्षक असतानाच्या जुन्या आवाजात ओरडले, "पाच! बास! उभे राहा!" नेव्हिल आणि त्याच्या शेजारचा, दोघंही पाच मीटरवरच थांबले. लहानपणापासून ज्या आवाजावर थांबले त्यावर थांबले, दुसरं काय? रेफरीने दंड दिला, आणि तिथून त्यांनी चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून ट्राय केला, सामना गेला. नंतर क्लबचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "गॉर्डन, म्हाताऱ्याला यापुढे घरीच ठेव बाबा. मलाही वाईट वाटतंय." घरी एकट्यांना ठेवता येत नाही, हे त्यांना कसं सांगू? गेल्या महिन्यात त्यांनी गॅस सुरू करून ठेवला आणि काडी पेटवायला विसरले. आता मैदानावर नेता येत नाही आणि घरी सोडता येत नाही.

येताना वाटेत त्यांनी विचारलं, "ब्रेंडा सामन्याला का नाही आली?" सुरुवातीला मी खरं सांगायचो. मग ते तुझ्या बहिणीसाठी पुन्हा पहिल्यासारखे रडायचे. आता म्हणतो, दुकानात गेलीय. "बरं, चहाला येईल," म्हणतात, आणि तिसरा कप मांडतात.

तिच्या वेळी जर्सी वाळत असल्या की गल्लीतून जाणारा ओळखायचा, कोण कसा खेळला. चिखल नेहमी छातीवर असायचा. यंदा तो एका कुशीला असतो, कारण पोरं बाजूने येऊन पकडतात. हे तिला सांगायला हवं होतं.

डेरिक, फेब्रुवारीत ब्रेंडाच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, फुलं पाठवलीस, चांगली होती. मी तुला काही बोललो नाही, आजही बोलत नाही. पण व्हाइटहेवनच्या एका शाळेने मला भूगोल शिकवायला बोलावलंय, जानेवारीपासून. खोली समुद्राकडची आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. माझे ते सासरे, पण तुझे वडील आहेत. तू येशील का? आलास तरच मला इथून हलता येईल. नाही म्हणायचं असेल तर तेही कळव, पण लवकर.

मशीन थांबलंय. अजून थोडं ऊन आहे. बाबा उठायच्या आत जर्सी दोरीवर घालून येतो.

तुझाच,
गॉर्डन