खारपाणातली गोड विहीर

६ जानेवारी १९६४, जळगाव जामोद

नव्या वर्षाची वही, नवी नोकरी, नवं गाव. अठरा वर्षांची नागपूरची मास्तरकी संपली. आजपासून मी इथल्या पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी. पगार थोडा जास्त, फिरती पुष्कळ. दर पंधरवड्याला बुलढाण्याला बैठक असते, म्हणजे घाट, मोताळा, नांदुरा आणि पूर्णेचं पात्र ओलांडून अर्ध्या दिवसाचा मोटारीचा प्रवास. नागपूरहून निघताना बायको, सिंधू, म्हणाली होती की कंबर मोडेल. मोडली नाही, उलट मजेत आलो.

त्याचं कारण लिहून ठेवण्यासारखं आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाण पट्टा आहे. कुठल्याही विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही; डाळ शिजत नाही आणि मोटारीच्या रेडिएटरच्या टाकीत घातलं तर पापुद्रे धरतात. पण नदी ओलांडल्यावर तासाभरात एका फाट्यावर कडुनिंबाखाली सोजराबाईंचं हॉटेल आहे आणि मागं गोड्या पाण्याची विहीर. येणारी-जाणारी प्रत्येक मोटार तिथं वीस मिनिटं थांबते. ड्रायव्हर टाकी भरतो, माणसं चहा-भजी घेतात.

मी सवयीनं बाहेरच उभा राहिलो. नजर खुंटीवर लटकलेला वेगळा कप शोधू लागली. धर्म बदलून आम्हाला सात वर्षं झाली, पण हॉटेलांच्या खुंट्या अजून बदललेल्या नाहीत. इथं मात्र खुंटीच नव्हती. सोजराबाई म्हणाल्या, बाहेर काऊन उभे राह्यले साहेब, बाक काय तुमच्यावर रुसला हाय का. सगळ्यांच्याच पितळी पेल्यातून पाणी दिलं. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, की सोबत कोण हाय. मी म्हणालो, एकटाच आहे. त्यांनी मान हलवली.

निघताना कंडक्टर अर्जुनराव माणसं मोजत नाहीत. आपापल्या बाजूचा पाहून घ्या बे, असं ओरडतात. प्रत्येकानं शेजाऱ्याची खात्री द्यायची: हाव, आला. मगच घंटी. मी विचारलं तर म्हणाले, साहेब, वाटेत चढणारे-उतरणारे लई, मोजणी चुकते, शेजारी चुकत नाही. पद्धत मला आवडली.

२० जानेवारी

आज पुन्हा तोच थांबा. नदी ओलांडली की मी घड्याळ पाहू लागतो, हे लक्षात आलं आणि हसू आलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस पेलाभर पाण्याची वाट पाहतो!

आज सोजराबाईंना विचारून मी स्वतः पोहरा सोडला. त्या म्हणाल्या, विहीर काय विचारते का, कोण ओढून राह्यलं म्हणून. दोर हातात धरून क्षणभर थांबलो. सिंधू आठ वर्षांची असताना तिच्या आईला, जनकाबाईंना, विहिरीच्या काठावरून हाकललं होतं. घडा फुटला तो आवाज तिला अजून आठवतो.

रात्री तिला लांब पत्र लिहिलं. तू आलीस की या विहिरीचं पाणी तुझ्या हातानं ओढायचं, असं वचन दिलं.

३ फेब्रुवारी, दुपारी, नांदुऱ्याच्या स्टँडवर

मोटारीला उशीर आहे म्हणून इथंच लिहितो. शेजारी वरवट बकालचे मोतीराम नावाचे भाजीवाले बसले आहेत. पन्नाशीचे, एक दात सोन्याचा, बोलायला फार गोड. मुलीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्यात, पुडकं मांडीवर सांभाळून धरलंय. मी लिहितोय हे पाहून म्हणाले, साहेब, माहं बी नाव टाका त्याच्यात, म्हणजे मले कोणी विसरणार नाही. टाकलं. जळगावपर्यंत आम्ही एकाच बाकावर आहोत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आरामात आलो. शेजारची जागा रिकामी होती, पाय पसरता आले. सोजराबाईंची भजी गरम होती. अर्जुनरावांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, बाजूला कोणी नाही. बाकावर कुणाचं तरी बांगड्यांचं पुडकं राहिलं होतं. कुणीच आपलं म्हणेना, म्हणून जपून घरी आणलं. मालकाचा शोध घेतला पाहिजे.

४ फेब्रुवारी

सकाळी वही उघडली. कालची दुपारची नोंद माझ्या अक्षरात आहे, माझ्या शाईत आहे. त्यातला माणूस मला आठवत नाही.

सोन्याचा दात आठवत नाही. आवाज आठवत नाही. मी खोटं लिहीत नाही, निदान वहीत तरी नाही. मग काल संध्याकाळी मी कुणाची खात्री दिली?

९ फेब्रुवारी, वरवट बकाल

पुडकं घेऊन आलो. मोतीरामचं घर विचारलं तर गावात कुणी ओळख देईना. शेवटी एका घरासमोर दोरीवर पुरुषाचं धोतर वाळताना दिसलं, ओट्यावर वांग्यांची टोपली होती. घरात विमलबाई आणि त्यांची मुलगी. विमलबाई म्हणाल्या, घरात गडीमाणूस नाही. मग धोतर कुणाचं? त्या धोतराकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, मालूम नाही जी, धुवायले निघते म्हणून धुते. मग आपणहून सांगितलं की चार-सहा दिवसांपासून एक भाकर जास्त थापल्या जाते, हातच थांबत नाही.

बांगड्या मुलीला बरोबर बसल्या.

१७ फेब्रुवारी

आज नांदुऱ्याहून तांब्याभर पाणी सोबत घेतलं. फाट्यावर उतरलो, पण काही प्यायलो नाही. डोळे उघडे ठेवून उभा राहिलो.

विहिरीकडच्या लांब बाकावर माणसं बसली होती. दर खेपेला तो बाक मी रिकामा पाहिलेला आहे. आज पंधरा-वीस जण, पुरुष, बाया, एक पोलीस पाटलासारखा फेट्यातला माणूस. कुणी बोलत नव्हतं. कडेला बसलेल्यानं माझ्याकडे पाहून ओळखीचं हसू आणलं. सोन्याचा दात.

आमच्या मोटारीतून दोन भाऊ उतरले होते. सोजराबाईंनी थोरल्याला विचारलं, सोबत कोण हाय. तो म्हणाला, हा माहा लहान भाऊ, कचरू. दोघं पाणी प्यायले. कचरू जाऊन बाकावर बसला. थोरला पान चघळत मोटारीत चढला, मागोमाग मी. अर्जुनराव ओरडले आणि तो म्हणाला, बाजूची जागा रिकामी हाय.

मी उठून सांगितलं, तुमचा भाऊ खाली आहे. तो म्हणाला, साहेब, मले भाऊच नाही. मी बाकाकडे बोट दाखवलं. सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली की साहेबाले ऊन लागलं. घंटी झाली.

मी उडी मारून उतरायला हवं होतं. उतरलो नाही. हे लिहून ठेवतो.

२४ फेब्रुवारी

आता कळतं. सोबती म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो राहतो. त्या दिवशी मी पाणी प्यायलो नव्हतो, म्हणून बाकावरचे दिसले. मी एकटा होतो तेव्हा परत आलो. मोतीरामचं नाव मीच सांगितलं असणार, तेही कौतुकानं.

कुणाला सांगू? जमादार विचारेल की हरवलं कोण. हरवलेल्याच्या बायकोला ठाऊक नाही.

८ मार्च

सिंधूला येऊ नकोस असं लिहायचं आहे. चार पत्रं फाडली. कारण काय लिहू? आयुष्यभर ज्या पाण्यासाठी आपण तरसलो, ते एका ठिकाणी न विचारता मिळालं आणि तेच वाईट आहे? की वाईट काही नाहीच, माझंच मन विटाळलेलं आहे, कुणी जवळ बसवलं की संशय घेणारं? रोज स्वतःला विचारतो. उत्तर रोज वेगळं येतं.

१५ एप्रिल

पत्र पाठवलं नाही. तिचंच आलं. सामान बांधून झालंय, एकवीसला नांदुऱ्याला उतरते, विहीर दाखवायची तयारी ठेवा.

बैलगाडीनं आणावं म्हणून गुलाबराव गाडीवानाला विचारलं. म्हणाला, आणतो, पण बैल खारं पाणी पित नाहीत, फाट्यावर सोडाच लागते. रस्ता तोच. थांबा तोच.

२१ एप्रिल, नांदुरा स्टँड

सिंधू आली. उन्हानं चेहरा लाल झालाय, पण हसते आहे. सुरई भरून घेतली. तिला म्हणालो, फाट्यावर उतरू नकोस, तिथलं पाणी आता चांगलं राहिलं नाही. तिनं सुरई खाली ठेवली. मग म्हणाली, तुमाले तिथं कोणी काही बोललं का. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मंग मी उतरतो. बोललं असन तर उतरतोच.

पुढचं सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मोटार लागली. वाटेत सांगेन. काहीही झालं तरी तिचं नाव मी घेणार नाही.

२१ एप्रिल, फाट्यावर

सांगितलं. तिला हसू आलं. म्हणाली, शिकून शिकून तुमी असे झाले.

मोटार थांबताच उतरली. मी मागोमाग धावलो. पोहरा तिनं स्वतः ओढला, हातावरून पाणी सोडलं, डोळ्यांना लावलं. रडत होती. तिला अडवायला हवं होतं. त्या क्षणी मला अडवता आलं नाही.

सोजराबाई आल्या. सोबत कोण हाय.

मी ओठ घट्ट मिटले. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. तिला विचारत होत्या. आणि सिंधू पदर सावरून केवढ्या अभिमानानं म्हणाली — हे आमचे मालक. साहेब हायत पंचायत समितीत.

पेला तिनं एका दमात रिकामा केला.

मी प्यायलो नाही. तरी पाय बाकाकडे गेले. आता उठता येत नाही. अर्जुनराव ओरडताहेत. सिंधू खिडकीत आहे. सरळ माझ्याकडे पाहिलं तिनं, जसं कडुनिंबाकडे पाहावं तसं. म्हणाली, बाजूला कोणी नाही भाऊ, मी एकटीच हाय.

सुरई तिच्या पायाशी होती. कुणाची म्हणून तिनं उचलून पाहिली —

बहुतेक २३ एप्रिल

पेन्सिल आहे, वही आहे. भूक नाही. शेजारी मोतीराम. त्यांनी विचारलं, बांगड्या पोचल्या का. पोचल्या म्हणालो. बसल्या का, म्हणाले. बसल्या.

तारीख ठाऊक नाही

मोटारी येतात. हाका मारून पाहिल्या. भज्यांचा घाणा चुरचुरतो, त्यात आवाज मिसळतो.

मोतीराम सांगत होते, सोजराबाईचा नवरा किसनराव त्या टोकाला बसलाय. फेटेवाला. सोजराबाई पूर्वी त्याच्यासोबत मोटारीनं आलेल्या. घरी कुणीतरी कमी आहे असं वाटायचं म्हणून शोधत परत आल्या. बाकापाशी थांबल्या आणि त्याला ओळखलं. जो ओळखते तो जात नाही साहेब, असं मोतीराम म्हणाले. तवापासून पाणी सोजराबाई देते. तिले बी विचारल्याशिवाय राहवत नाही.

म्हणजे विसरणारेच वाचतात.

सिंधू, विसर.

?

जळगावला तिला कोण भेटलं असेल? खोलीत माझे सदरे आहेत. कुणाचे म्हणून ठेवले असतील का — टाकले असतील का — टाकले असले तर बरं.

मी सांगायला उशीर केला. चार पत्रं. त्यातलं एक तरी —

?

अक्षर नीट येत नाही. ती आली.

आत्ताच्या मोटारीनं. एकटी. हातात माझं जानेवारीतलं पत्र. सोजराबाईंना सांगतेय, बाई, सामानात हे सापडलं, खाली सही हाय पण वळख पटत नाही. त्यात या विहिरीचं लिवलं हाय. पहिले बी मी इथं उतरलो होतो वाटते, पण कोणासाठी —

पाणी ओढलं. एक पेला भरला. स्वतः प्यायली नाही.

बाकाकडे येतेय. माझ्यासमोर पेला ठेवला. रिकाम्या जागेपुढे ठेवावा तसा. का ठेवला तिलाही कळत नाही. उभी आहे. कपाळावर आठी, आठवताना पडते तीच.

सोजराबाई विचारताहेत. सोबत कोण हाय, बाई.

अर्जुनराव हाका मारताहेत. जा. पाणी पी आणि जा. माझ्याकडे बघू नकोस. सिंधू, कोणी नाही म्हण. कोणी नाही म्ह —

तिनं माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं, मग पत्रातल्या अक्षराकडे, आणि कपाळावरची आठी सुटली —