ऑर्लीनाला मेयर हवा

१४ ऑक्टोबर २०१९, सोमवार

झालं! गावाला सव्वाशे वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढायची, आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात. "डेल्बर्ट, तुला दुसरं काय काम असतं रे?" — इति बर्निस, कॉफी ओतता ओतता. कॅफे तिचं, त्यामुळे शेवटचा शब्दही तिचाच.

आणि आजच जिल्हा कचेरीचं पत्र आलं. जुना मेयर क्लीटस ऑगस्टमध्ये मुलीकडे राहायला गेला तो गेलाच. ५ नोव्हेंबरला निवडणूक, उमेदवार एकही नाही. मतपत्रिकेवर नुसती रिकामी ओळ असणार, तिच्यावर हवं ते नाव लिहायचं. मेयर मिळाला नाही, तर ऑर्लीना गाव म्हणून उरणार नाही. नकाशावरून नाव पुसणार.

वाढदिवसालाच मयत! वा रे वा.

१७ ऑक्टोबर

पहिलं प्रकरण लिहून टाकलं. रेल्वेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून इथे टाकी आली. टाकीला राखणदार, राखणदाराला बायको, बायकोला बोलायला शेजारीण — झालं गाव. नाव रेल्वेच्या कुणा साहेबाच्या आत्याचं. आत्याबाई एकदाच आल्या, आणि गाडीतून उतरल्याच नाहीत. हे लिहावं की नको? लिहिलंच.

आमचे पणजोबा बोहेमियाहून आले ते खिशात गव्हाचं बी आणि तोंडात शिव्या घेऊन. दोन्ही इथे झकास रुजलं.

लिहायला मजा येते, खोटं कशाला बोलू. बर्निसनं जर्दाळू भरलेले कोलाचे, म्हणजे आमचे बोहेमियन गोड पाव, पाठवले होते. लिहिता लिहिता चार संपले.

२३ ऑक्टोबर

कॅफेत मेयरचा विषय निघाला आणि सगळे आपापल्या कपात बघायला लागले. हॅरिएट म्हणाली, "मला शाळेची बस चालवायची असते." ओटिस म्हणाला, "मला गुडघे आहेत."

"गुडघे सगळ्यांनाच असतात!" — बर्निस.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी उठून कोट घातला.

मला का नको, ते इथे तरी लिहितो. आमच्याकडे रस्त्यावरचा बर्फ मेयरनंच हटवायचा, आणि दर महिन्याला घरोघर जाऊन पाण्याचा मीटरही त्यानंच वाचायचा. घरोघर म्हणजे लेलंडकडेही! सख्खा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षं आमचं बोलणं नाही.

गहू कापायचं कंबाइन यंत्र दोघांत एक होतं. ज्याचा गहू आधी पिकेल, त्याचा आधी कापायचा — वडिलांचा नियम. त्या साली लेलंडचा आधी पिकला. मी माझा दाणा चावून बघितला, अजून ओला होता. तरी म्हणालो, "माझा तयार आहे." त्यानं बिचाऱ्यानं मान डोलावली. माझा कापून झाला, आणि त्याच संध्याकाळी गारा आल्या. त्याचं सगळं शेत आडवं. ओल्या गव्हाला मला भाव मिळाला नाही ते वेगळंच, पण मी खोटं बोललो हे आजवर कबूल केलं नाही. लाज वाटते. अजून वाटते.

तो सकाळी सहाला कॅफेत येतो, मी नऊला. गावानंही तसंच अंगवळणी पाडून घेतलंय.

५ नोव्हेंबर

बंबखान्यात जाऊन मत दिलं. बर्निसचं नाव लिहिलं. गाव तसंही तीच चालवते.

६ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखलं!

मतं पडली तेवीस. कचेरीतल्या बाईंनी फोनवर यादी वाचून दाखवली. बर्निस — एक. ओटिस — एक. हॅरिएट — एक. वाचतायत आपल्या, थांबेचनात. स्वतःचं नाव लिहिणं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत आपलीच पाठ थोपटून घेणं, ते कोण करणार? प्रत्येकानं मोठ्या मनानं शेजाऱ्याला पुढे ढकललं. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही आपसांत एकदा बोलला असतात तर?" बोलतो की! रोज बोलतो. फक्त हे सोडून.

लेलंडला मात्र एकही नाही.

आणि मला — दोन! म्हणजे निवडून आलो मीच. माझं हसू तिथेच थांबलं.

८ नोव्हेंबर

नाही म्हणून कळवणार. मेयरपद घेतो अशा कागदावर सही करायची मुदत १५ तारखेपर्यंत आहे.

१२ नोव्हेंबर

आज बर्निसनं सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं. "एक मत माझं होतं. वाया घालवलंस तर उद्यापासून कॉफी घरी कर!" मग नऊच्या मंडळींत कोणी कुणाचं नाव लिहिलं, सगळं बाहेर पडलं. ओटिसनं हॅरिएटचं लिहिलं होतं आणि हॅरिएटनं ओटिसचं, त्यावरून दोघांची जुंपली. मला दुसरं मत देणारं मात्र कोणी सापडेना. बर्निस म्हणाली, "थांब, सहावाल्यांना विचारते."

घरी आल्यावर पुस्तिका चाळत बसलो. सव्वाशे वर्षांत दुष्काळ झाला, आग लागली, बँक बुडाली, शाळा बंद पडली. तरी गाव आहे. माझ्या एका नकारानं जायचं? फार वाईट वाटलं. पण लेलंडच्या दारात मी कुठल्या तोंडानं उभा राहू?

१५ नोव्हेंबर

बर्निसनं सहाच्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी नावं सांगितली, एक सोडून. "तो नुसता उठला, टोपी घातली आणि निघून गेला," म्हणाली.

लेलंड!

कागद खिशात घालून तसाच त्याच्याकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. फार थकलाय. मी म्हणालो, "त्या साली तुझा गहू पिकला होता. माझा नव्हता."

"माहीत आहे," म्हणाला. "मीटर तळघरात आहे. पाय पुसून ये."