गालिनाला दिलेलं वाण

४ जानेवारी १९९५
दिवसभर भिंतीवरच्या कॅलेंडरची प्रुफं. छापखाना इथे हैदराबादेत, चिक्कडपल्लीत, फोटो सोव्हिएतमधून फुटलेल्या एका छोट्या प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांचा, मजकूर रशियन, तपासणारी मी एकटी. निवडणुकीआधी घरोघरी वाटणार म्हणे. वेंकटसाहेब (यापुढे वें.) औषधं निर्यात करतात, पण ऑफिसात बसलं की वाटतं ते प्रजासत्ताक इथूनच चालतं. मागच्या वर्षी तिथला एक मंत्री बदलला, त्याआधीचं वें.चं पत्र मीच रशियनमध्ये केलं होतं. पेपरात उलटसुलट येतं. वें. कात्रणं फाइलला लावतात, खूश होऊन.
मला बोलायला तोंड नाही. सोव्हिएत देश मोडला तसा माझ्या आधीच्या कारखान्यातला अनुवाद विभागही मोडला. तीन वर्षं घरी. रशियनला विचारतं कोण? वें.नी विचारलं.

११ जाने.
पत्राखालच्या माझ्या बारीक टिपा बघून वें. हसले. "मॅडम, नीचे ये चींटियां क्या हैं?" म्हटलं, लाख-कोटी तिकडे कळत नाहीत, समजावून लिहावं लागतं. अनुवाद विभागातल्या आमच्या सरांची शिस्तच तशी: मूळ मजकुराला हात लावू नका, परक्याला रिवाज कळणार नसेल तर तळटीप द्या. "लिखो, लिखो," म्हणाले. त्यांना रशियनचं एक अक्षर येत नाही.

१९ जाने.
तिकडची औषध-निरीक्षक आली. गालिना. माझ्याच वयाची, जाडजूड स्वेटर, सारखी घाम पुसतेय. तिची सही झाली तरच आमची इंजेक्शनं तिकडच्या दवाखान्यांत जाणार. कारखान्यात तिच्यामागे हिंडले. पाण्याच्या टाकीपाशी तासभर थांबली.
वें. बाजूला घेऊन: "घरकू बुलाव मॅडम. होटल में इन लोगां खुलते नहीं." रविवारी माझं हळदीकुंकू आहेच. बोलावलं.

२१ जाने.
सुलतान बाजारातून खण, तिळगूळ. वें.च्या घरून गालिनासाठी चांदीचा करंडा आला. मी परत पाठवला. एकीला चांदी आणि बाकीच्यांना प्लास्टिकचे डबे, असं हळदीकुंकवात चालत नाही. वाण सगळ्यांना सारखंच. तासाभरात बारा करंडे हजर! मृणाल म्हणाली, "आई, बॉस भारीच आहे की तुझा." संकोच वाटला. खोटं कशाला लिहू, आनंदही झाला.

२२ जाने.
बाराजणी. विद्यानगरचं एवढंसं घर भरून गेलं. गालिनाला नवरा सोडून गेलाय. शेजारच्या काकू कानात, "लावायचं का गं हिला कुंकू?" मी लावलं.
ती वाण घेईना. "मी निरीक्षक आहे. कंपनीचं काही घेत नाही." मी म्हटलं, कंपनीचं नाही गं, माझ्या घरचं आहे, वाणाला नाही म्हणायचं नसतं. माझ्याकडे पाहिलं आणि घेतलं. ओटी भरायला पदर कुठला, तिने स्वेटरच पुढे धरला. खूप हसलो.
वें.नी फोटोवाला पाठवला होता. केवढा मोठेपणा, वाटलं.

३० जाने.
गालिनाचा अहवाल. पाणी शुद्ध नाही, सबब परवाना नाही. मलाच वें.ना वाचून दाखवावा लागला. पेपरवेट फेकला त्यांनी.
जिन्यात कारखान्याचे केमिस्ट भेटले. हळूच, "सच बोली उने."

१३ फेब्रु.
राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला पत्र. वें. इंग्रजीत सांगत गेले, मी उतरवत गेले. सदर निरीक्षक बाईंनी हैदराबादेत एका खाजगी घरी चांदीची वस्तू स्वीकारली, आणखी मागितली, नकार मिळताच प्रतिकूल अहवाल दिला. तरी त्यांना पदावरून दूर करावे.
सोबत फोटो. माझा हॉल, माझे पडदे, करंडा हातात घेतलेली गालिना. बाकी अकराजणी फोटोत नाहीत.
"साब, ये मेरा घर है."
"हौ, मालूम. आपका नाम किधर डाले? परेशान नक्को होव."
अंगाची आग झाली. त्याहून जास्त लाज. कंपनीचं नाही असं तिला कोणी सांगितलं? मीच.
घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. "सोड नोकरी." सोडीन. मग दिल्लीहून दुसरा कोणी हेच पत्र करून देईल आणि ती जाईलच. पंधरा वर्षं त्या खात्यात आहे ती, आई म्हातारी, दुसरं कोणी नाही. माझ्या घरात बसून सांगत होती.

१४ फेब्रु.
पत्र शब्दाला शब्द केलं. काही गाळलं नाही, सौम्य केलं नाही. फक्त "चांदीची वस्तू" वर आकडा, १. खाली तळटीप:
"हळदीकुंकू: संक्रांतीनंतर घरोघरी होणारा स्त्रियांचा समारंभ. आलेल्या प्रत्येकीला सारखीच भेट मिळते. ती नाकारणे अपमान समजतात. त्या दिवशी बाराजणींना हीच वस्तू मिळाली. ती कंपनीने पुरवली होती. पाहुणीने आधी नकार दिला. वस्तू घरची आहे असे यजमानीण बाईंनी सांगितल्यावर घेतली. दुसरे काही मागितले नाही. यजमानीण बाई म्हणजेच प्रस्तुत अनुवादक."
अर्धं पान भरलं. वें. सही करताना, "आज चींटियां बहोत हैं."
"रिवाज का है, साब."
फॅक्स गेला. घरी येऊन आमटीत दोनदा मीठ टाकलं.

२७ फेब्रु.
पत्राला उत्तर नाही. कॅलेंडरं रवाना झाली. निवडणुकीआधीच तिकडे मंत्रिमंडळ बदलतंय. "दो अपने हैं," वें. सगळ्यांना पेढे देताहेत. मी घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. फोन वाजला की आधी मीच उचलते.

३ मार्च
सकाळी अकराला तिकडच्या आरोग्य मंत्रालयाचा फॅक्स. एक पान. वें.नी माझ्यापुढे सरकवला, स्वतः चहा ओतून घेत होते. "पढो, मॅडम."
आधी मनात वाचायची माझी सवय आहे. गालिनाचं नाव एकदाच. ती आहे की गेली, काहीच नाही. खाली: आपल्या पत्रातील तळटीप क्र. १ संदर्भात यजमानीण बाईंनी हाच जबाब नाव, पत्ता व सहीनिशी पाठवावा. वस्तू कोणाच्या सांगण्यावरून पुरवली, याचा कंपनीने खुलासा करावा.
"क्या बोलरें? काम हुआ?"
तेवढ्या दोन ओळी सोडून वाचता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं.
"साब, कप नीचे रखो," म्हटलं, आणि वरच्या तारखेपासून वाचायला लागले.